मुंगेर, दुपारचे सव्वादोन

बिहारमधल्या मुंगेरच्या बाजारात तुम्ही पोचता तो सोमवार आहे, 15 जानेवारी 1934. संक्रांत नुकतीच झालीय. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना विटांची घरं. सव्वादोन वाजायला आलेत. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगितलं तरी ऐकणार कोण?

आधी घरघर ऐकू येते, पुलावरून मालगाडी जावी तशी. मग जमीन हलते. भिंती एकमेकींवर कलतात आणि गल्ली बुजते. सगळं काही मिनिटांत आटोपतं. धूळ बसायलाच जास्त वेळ लागतो.

गंगा ओलांडून उत्तरेला चला, मुझफ्फरपूर, दरभंग्याकडे. इथे भेगांतून पाणी आणि वाळू उसळतेय. गाळाच्या जमिनीतली ओली वाळू हादऱ्यांनी पातळ होते, वरचं ओझं तिला पेलत नाही, म्हणून घरं पडतात तशी खचतातही. शेतात ऊस उभा आणि साखर कारखाने मोडलेले. विहिरी वाळूनं भरल्यात. ही वाळू कुठून आली, याला उत्तर आहे. ती आमच्याच विहिरीत का, याला नाही. आणि माणूस विचारतो ते हेच.

उत्तर नऊ दिवसांनी मिळतं, दूर तिरुनेलवेलीत. गर्दीत उभे राहा. अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरणारे गांधीजी सांगताहेत, की हा भूकंप त्याच पापाची ईश्वरी शिक्षा आहे. तुम्ही नास्तिक आहात (या फेरीपुरते तरी व्हा), आणि पंचाईत अशी, की अस्पृश्यता हा घोर अन्याय आहे हे तुम्हालाही पटतं. टाळीसाठी हात उठतातच. पण मग नाशिक कसं सुटलं? तिथे 1930 मध्ये अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराच्या दारावर सत्याग्रह झाला, दार उघडलं नाही, आणि गोदाकाठची एक वीटही हलली नाही. बिहारच्या ढिगाऱ्यांखाली तर अस्पृश्यही आहेत.

नेमकं बोट ठेवलं ते रवींद्रनाथांनी, आणि ते काही नास्तिक नव्हते. निसर्गाच्या उलथापालथीला नीतीशी जोडू नका, हाच युक्तिवाद उलटवून तुमचे विरोधक तुम्हालाच दोषी ठरवतील, असं त्यांनी गांधीजींना कळवलं. आरोपपत्र तेच, आरोपीच्या नावाची जागा तेवढी कोरी. ज्याच्या हाती टाक तो भरणार. गांधीजींनी ते पत्र 16 फेब्रुवारीला आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापलं, हा मोठेपणा त्यांचाच. सोबत उत्तरही दिलं: श्रद्धा सिद्ध करता येत नाही, पण ती चुकीची ठरली तरी आत्मशुद्धीला बळच मिळेल. मिळेलही. पण आत्मशुद्धी एकाची आणि घर दुसऱ्याचं पडलेलं, हा हिशेब मला कधी जुळवता आलेला नाही.

आता काही दिवस मागे, पुन्हा मुंगेर. जवाहरलाल नेहरू इथे आलेत. गांधीजींच्या त्या विधानानं आपल्याला धक्का बसला, असं ते पुढे आत्मचरित्रात लिहितील. आत्ता मात्र ते सोबत्यांबरोबर कुदळ-पाट्या घेऊन ढिगारा उपसताहेत. तुम्हीही रांगेत शिरा. विटांनी बोटं सोलवटतात. बराच वेळ नुसता राडारोडाच निघतो, आणि मग एका लहान मुलीचं प्रेत.

पाटी हातातच राहते. तुम्ही तिच्या वयाचा अंदाज करता. मागचा माणूस म्हणतो, सरका, वाट द्या.