नियोजनाचे शास्त्र आणि आपली मुले

मोठमोठी कामे माणूस पूर्वापार करीत आला. पण त्यांच्या नियोजनाचे शास्त्र विसाव्या शतकात आकारास आले. १९५७ साली अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीत 'क्रिटिकल पाथ' पद्धतीचा आरंभ झाला. १९५८ साली तेथील नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' पद्धत योजली. तत्त्व साधे आहे. शाळा बांधताना पाया लांबला की भिंती, स्लॅब सारेच लांबते. बाके मात्र सुताराकडे त्याच वेळी तयार होऊ शकतात. कोणते काम अडले असता सर्वच अडते, हे आधी ओळखणे यातच प्रकल्प व्यवस्थापनाचे मर्म आहे.

आपल्या राज्यात मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था काढली. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झाले आणि बुलढाणा जिल्ह्याला विद्यापीठ जवळ आले.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेला; ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. असे रस्ते आखणाऱ्यांत बीबीची मुले-मुलीही असावीत. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेश परीक्षा देऊन एम.बी.ए. करता येते. म्हणून पालकहो, बी.ए. झाली एवढ्यावर मुलीचे शिक्षण थांबवू नका.