पाच रुपयांची पेटी आणि कामाचा अदमास

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी 1951 साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात लोखंडी मतपेट्या तयार झाल्या. संख्या 13 लाखांच्या घरात, किंमत पेटीला पाच रुपये आणि मुदत अवघ्या काही महिन्यांची.

या कामाचे दोन भाग होते. बाहेरून कुलूप बसवले तर खर्च पाच रुपयांत बसेना, म्हणून पेटी आतूनच बंद होईल अशी कळ शोधावी लागली. ती किती दिवसांत सुचेल, हे आधी कोण सांगणार? नमुना ठरल्यावर मात्र पत्रा कापणे, वाकवणे, जोडणे, रंगवणे एवढेच उरले. एका पेटीचा वेळ मोजला की हजार पेट्यांचा हिशेब त्रैराशिकाने सुटतो.

आज विक्रोळीत संगणक कंपन्यांचीही कार्यालये आहेत. त्यांच्या कामात हा दुसरा भाग जवळजवळ नाहीच. एकदा लिहिलेल्या प्रोग्रामच्या लाख प्रती क्षणात निघतात. उरते ती फक्त कळ शोधणे, आणि अदमास मागितला जातो तो नेमका तिचाच.

अमेरिकेत 1990च्या दशकात क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रक प्रकल्पावर केंट बेक, रॉन जेफ्रीज प्रभृती मंडळी काम करत होती. ती आधी ‘आदर्श दिवसां’त अदमास सांगत, म्हणजे कोणताही व्यत्यय न येता लागणारे दिवस. प्रत्यक्षात त्याच्या सुमारे तिप्पट वेळ जाई. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे लागतात, हा वरिष्ठांचा प्रश्न टाळण्यासाठी ‘दिवस’ हा शब्द जाऊन ‘पॉइंट’ आला. हे काम त्या कामाच्या दुप्पट, एवढेच तो सांगतो. 2002 मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी ‘प्लॅनिंग पोकर’ मांडला. त्यात प्रत्येक जण आपला आकडा पत्त्यावर ठरवतो आणि सगळे पत्ते एकदम उलटतात. साहेबांनी आधी ‘तीन’ म्हटले की कनिष्ठाचे ‘आठ’ ओठांतच राहते, त्यावर हा उपाय. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सांगणाऱ्याने कारण द्यायचे. आकड्यापेक्षा त्या कारणांचाच उपयोग अधिक.

पुढे याच पॉइंटांवरून माणसे तोलली जाऊ लागली. पॉइंट आपणच शोधले असतील तर त्याचा खेद वाटतो, असे जेफ्रीज यांनी नंतर लिहिले.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. 1928च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, ही ‘कार्यक्षमते’ची योजना त्या संपाचे एक प्रमुख कारण होती. तीन माग जमतील हा हिशेब मालकांचा होता, मागावर उभा राहणारा माणूस वेगळा.

यावरून पद्धत निवडताना पाहायचे ते असे. काम पूर्वीसारखेच असेल तर मागच्या कामांना प्रत्यक्ष लागलेले दिवस मोजावेत, पत्त्यांची गरज नाही. काम थोडे नवे असेल तर करणाऱ्यांनीच तुलनेने आकडा ठरवावा. वाटच ठाऊक नसेल तर आकडा मागूच नये. शोधासाठी दोन-चार दिवस बांधून द्यावेत आणि मग बसावे. तिन्ही ठिकाणी अट एकच आहे: अदमासाला करार समजू नये. तसे समजले की माणसे खरा आकडा सांगायचे सोडून सोयीचा सांगू लागतात, आणि मग कोणतीही पद्धत वापरली तरी हिशेब चुकतो.