पतअहवाल : कर्जदाराची आर्थिक कुंडली

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हा कापसाचा पट्टा; पांढरकवडा हे त्याचे मुख्यालय. खरीप तोंडावर आला की येथे पीककर्जाच्या चर्चेत ‘सिबिल’ हा शब्द हमखास येतो. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे बँकांना बजावले. तथापि ट्रॅक्टर, घर वा शिक्षणासाठी कर्ज मागताना पतअहवाल पाहिला जातोच.

सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली. पुढे पतमाहिती कंपन्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या कार्यरत आहेत. त्या कर्ज मंजूर वा नामंजूर करीत नाहीत. बँकांनी कळविलेली माहिती संकलित करतात. निर्णय बँकेचाच असतो.

अहवालात कर्जदाराची ओळख, प्रत्येक कर्जखाते, थकबाकी, हप्ता किती दिवस लांबला आणि कोणकोणत्या बँकांनी चौकशी केली, याची नोंद असते. बचत खात्यातील शिल्लक त्यात नसते. सावकाराकडील उसनवारीही नसते. गुणांक ३०० ते ९०० यांदरम्यान असतो. स्वतःचा अहवाल मागविल्याने तो घटत नाही.

दोन नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटविलेले खाते ‘सेटल्ड’ ठरते. पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’. पहिल्या नोंदीकडे बँका साशंकतेने पाहतात. २०१७ व २०१९ च्या राज्य कर्जमाफी योजनांचा लाभ घेतलेल्या कुटुंबांनी आपल्या खात्याची नोंद कोणत्या शब्दांत झाली आहे, हे तपासून बेबाकी दाखला जपून ठेवावा. दुसरी नोंद जामीनदारीची. गावाकडील भावाच्या कर्जाला पुण्या-नागपुरातील नोकरदाराने जामीन दिला असेल, तर त्या कर्जाची थकबाकी त्याच्याही अहवालात उमटू शकते आणि त्याचे गृहकर्ज अडू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चूक आढळल्यास कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करावी. तिचे निराकरण ३० दिवसांत न झाल्यास, २०२४ मध्ये लागू झालेल्या तरतुदीनुसार, विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय ठरते. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्या २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

कर्जाचा अर्ज नाकारला गेल्यावर अहवाल पाहणारे पुष्कळ असतात. तो अर्जापूर्वीच पाहिला, तर चूक दुरुस्त करण्यास अवधी मिळतो.