ओव्हलवर पाठ फिरवली की

सकाळी साडेसातला तुम्ही मुंबईच्या ओव्हल मैदानातल्या पायवाटेवर उभे आहात. आठच जण आहात, हे बरं. चाळीसजणांच्या घोळक्याला सनावळी ऐकवता येते. आठजणांना एका पुतळ्याखाली दहा मिनिटं थांबवता येतं. वारसाफेरीवर नेणारी ताई म्हणते, "पूर्वेला तोंड करा. मागच्या इमारती अजून बांधायच्या आहेत."

साल १८७८. तुमच्या पाठीमागे रेल्वेचे रूळ, आणि रुळांपलीकडे थेट बॅक बेचं पाणी. वाऱ्याला खारा वास आहे. समोर जिथे इमारती उठल्यात, त्यांच्यामागे पूर्वी किल्ल्याचा तट होता. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तो पाडला, म्हणून शहराला समुद्राकडे तोंड करून बसता आलं. डावीकडे हायकोर्ट नवंकोरं. मधोमध राजाबाई टॉवर, २८० फूट. पैसे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. पैसे दिले १८६४ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तिथला कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला, मुंबईच्या कापसाचा भाव गडगडला आणि प्रेमचंद बुडाले. मनोरा मात्र उभा राहिला.

मनोऱ्याचे नकाशे लंडनहून आले. काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. मग कुर्ल्याच्या पिवळसर दगडाच्या या मनोऱ्यावर, कोनाड्यांत उभी असलेली पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींची माणसं कुठून आली? ती घडवली कामावरचे साहाय्यक इंजिनिअर रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. मान मागे टाकून बघा. व्हेनिस-फ्रान्सच्या धाटणीच्या कमानींवर आपल्याकडची पागोटी आहेत, आपल्याकडचे चेहरे आहेत. स्कॉट यांचं नाव प्रत्येक पुस्तकात सापडतं, मुकुंद रामचंद्रांचं फार थोड्यांना ठाऊक असतं. ही गोष्ट माझ्या मनाला लागते.

"आता मागे वळा."

१९३८. समुद्र दूर ढकललाय. भराव टाकलेल्या जमिनीवर सिमेंट-काँक्रीटच्या इमारती एका उंचीत, एका ओळीत उभ्या आहेत. उजव्या टोकाला यंदाच उघडलेलं इरॉस सिनेमागृह, आग्र्याच्या लाल दगडाचं आणि मलईच्या रंगाचं. या ओळीतली एम्प्रेस कोर्ट गजानन बाबूराव म्हात्रे यांची. साठ वर्षांत केवढं अंतर कापलं! पलीकडे मराठी माणूस साहेबाच्या नकाशावर मूर्ती घडवत होता, इथे सबंध इमारत त्याच्या कागदावर जन्मते.

ओळीने चालत जा. खिडक्यांवरचे लांब, सपाट छज्जे जुलैतला तिरका पाऊस आणि मे महिन्याचं ऊन अडवतात. शोभेसाठी म्हणून ते नाहीतच. फाटकाच्या लोखंडी जाळीत उगवत्या सूर्याचे किरण. दर्शनी भिंतीवर इमारतीचं नाव, ठसठशीत अक्षरांत. बाल्कन्या गोलाईने वळतात आणि त्यांच्या रेषा मजल्यामजल्यावर एकमेकींना साथ देतात.

आजच्या सालात परत या. २०१८ पासून या परिसरातल्या, मैदानाच्या दोन्ही अंगांच्या मिळून ९४ इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तरी बाल्कन्यांना सरकत्या काचा लागतात. मुंबईत जागेची चणचण खरी आहे, कोणाला दोष देववत नाही. पण एका मजल्याने बाल्कनी बंद केली की रस्त्यावरून दिसणारी सगळी रेषा तुटते. ताई तुम्हाला मोजायला सांगते: या दर्शनी भागात मूळ कठडे किती उरलेत? आठहीजण बोटं वर करून मोजू लागता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कुंड्यांना पाणी घालता घालता वाकून विचारतात, "काय शोधताय?" ताई सांगते, आणि आजी कठड्यावर हात ठेवून म्हणतात, "हा जुनाच आहे. आम्ही दरवर्षी रंगवतो."