मराठी ख्रिस्ती मंडळीतील आत्मिक संजीवनाचा शोध : मुक्ती मिशन ते देवाचा दरबार (१९०५–१९१९), नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. ब्रिटिश काळात हा प्रदेश पश्चिम खानदेशात मोडत असे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. या जिल्ह्यातील, विशेषतः नवापूर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्या प्रामुख्याने भिल्ल व मावची समाजांतील आहेत. स्कॅन्डिनेव्हियन मूळ असलेल्या अलायन्स मिशनांच्या कार्यातून त्या उभ्या राहिल्या. मिशनचा बंगला, शाळा, पगारी उपदेशक आणि दवाखाना ही या कार्याची परिचित अंगे होत. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय त्याच परंपरेतील आहे. घरातील बोली मावची वा भिली असली तरी या मंडळ्यांची उपासना बहुतांशी मराठीत घडत आली, आणि मराठी उपासना म्हटली की ‘उपासना संगीत’ आणि त्यातील नारायण वामन टिळक यांची पदे आलीच.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून येतात, तर ख्रिस्ती समाजात भक्तिगीतकार म्हणून. ज्या मिशनने आश्रय दिला तिचा पगार त्यांनी १९१७ मध्ये का सोडला, या प्रश्नाची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली आहे. प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न केंद्रस्थानी घेतला आहे. मराठी मंडळीच्या आत्मिक जागृतीचा प्रश्न हा मुळात ‘बोलायचे कोणी आणि त्याच्या पोटाला घालायचे कोणी’ या व्यावहारिक प्रश्नाशी बांधलेला होता, असे येथील प्रतिपादन आहे.

कोमटपणाची सामाजिक पार्श्वभूमी

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात लावदिकीया येथील मंडळीला पत्र आहे. ती मंडळी थंडही नाही आणि उष्णही नाही, कोमट आहे. स्वतःला श्रीमंत समजते आणि तिला कशाची उणीव भासत नाही, असा तिच्यावर ठपका आहे. संजीवन सभांतून मराठी उपदेशक या पत्राचा आधार वारंवार घेत आले आहेत. परंतु मराठी मंडळीचा कोमटपणा श्रीमंतीतून आलेला नव्हता. तो असुरक्षिततेतून आला होता, हे प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे सुरू झाले. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांच्या काळात व त्यानंतर अहमदनगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे मंडळीत आली. धर्मांतरानंतर गावातील हक्क व बलुते यांवर संकट येई. सवर्ण धर्मांतरितांना तर घर आणि जात दोन्ही सोडावी लागत. अशा माणसांना आसरा एकच होता, तो म्हणजे मिशन. शाळेचा मास्तरच रविवारी उपासना चालवी, त्याची पत्नी बायबलबाई असे आणि दोघांचा पगार मिशनच्या कचेरीतून येई. हा पगार परदेशातील देणगीदारांच्या पैशातून निघत असल्यामुळे पाळक आपल्या कामाचा हिशेब मंडळीला देण्याऐवजी साहेबाला देई. मंडळीलाही पाळकाला पोसण्याची सवय लागली नाही. गावात अपमान, कंपाउंडात सुरक्षितता, अशा स्थितीतील माणसांनी कंपाउंडाच्या भिंतीला धरून राहणे स्वाभाविक होते. त्यास केवळ नैतिक दोष मानणे इतिहासदृष्ट्या अन्यायाचे ठरेल. तथापि या व्यवस्थेने श्रद्धेचेही नोकरीत रूपांतर केले, हे नाकारता येत नाही.

केडगाव, १९०५

या गोठलेल्या स्थितीला पहिला मोठा हादरा केडगावच्या मुक्ती मिशनमधून बसला. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत मात्र त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ही उणीव त्यांना ज्या पुस्तकाने जाणवून दिली ते विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त होते. अनेक वर्षे पाद्रीपण केल्यावर स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन चालू असताना त्याचे परिवर्तन झाले होते. मंडळीत पदावर असलेला माणूसही आतून रिकामा असू शकतो, ही जाणीव रमाबाईंना तेथून मिळाली.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी मुलींना आवाहन केले. आरंभी सुमारे सत्तर जणी पुढे आल्या व जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. २९ व ३० जून रोजी मुक्तीत जे घडले त्याची वर्णने सर्वत्र सारखीच आढळतात : मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या, अंगात अग्नी पेटल्यासारखे वाटते असे सांगू लागल्या आणि नेहमीचे वर्ग थांबले. वेल्समध्ये १९०४ पासून चाललेल्या जागृतीची वार्ता येथे पोहोचली होती, हे खरे. पण केडगावच्या घटनेचे वेगळेपण बोलणाऱ्यांत आहे. त्या दुष्काळातून वाचविलेल्या, अनाथ, पुष्कळदा बालविधवा असलेल्या मुली होत्या. त्यांना ना पाळकपद होते ना पगार. पुढे याच मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगावयास निघाल्या.

काही युरोपीय मिशनरींना हा गोंगाट रुचला नाही. हिंदी माणसांना आपल्या स्वभावानुसार रडू द्यावे आणि प्रार्थना करू द्यावी, पाश्चात्त्य शिष्टाचार त्यांच्यावर लादू नयेत, असे रमाबाईंचे यावर म्हणणे होते. जागृतीचे मोजमाप कोणत्या संस्कृतीच्या मापाने करावयाचे, हा वाद येथे मराठी भूमीत प्रथमच इतक्या स्पष्टपणे उभा राहिला. मुक्तीतील सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचले व व्हाल्पराइसो येथील मेथडिस्ट मंडळीतील १९०९ च्या जागृतीस कारणीभूत ठरले. पुणे जिल्ह्यातील एका खेड्यातून प्रेरणा बाहेर जावी, हे मिशनच्या तत्कालीन नकाशात न बसणारे होते.

तरीही मुक्ती ही एक बंदिस्त वसाहत होती आणि तिची आर्थिक भिस्त देणग्यांवर होती. गावोगावच्या मंडळ्यांतील पगारी व्यवस्थेला या लाटेने हात लावला नाही. ते काम टिळकांनी अंगावर घेतले.

टिळकांचा राजीनामा

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत लगेच चुकवावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांच्याशी अनेक वर्षांचा वियोग घडला. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा काळ ज्या निर्मळ विनोदाने सांगितला आहे, त्यामुळे त्यातील यातना वाचकाच्या उशिरा लक्षात येते.

अहमदनगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत राहिले. त्यांनी अध्यापन केले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली व १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मिशनने त्यांना छळले असे म्हणण्यास आधार नाही. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे उदार मिशनरी त्यांचे स्नेही होते. म्हणूनच त्यांचा राजीनामा विशेष अर्थपूर्ण ठरतो. ज्याच्याविषयी तक्रार नाही असा आश्रय सोडणे अधिक कठीण असते.

टिळकांची चिंता दुहेरी होती. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या देशबांधवांपासून तुटत चालला आहे, ही एक. आणि मिशनच्या सावलीत त्याची स्वतःची वाढ खुंटली आहे, ही दुसरी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची भावना होती. परदेशी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांतून मंडळीने बोलावे, यासाठी त्यांनी प्रत्यक्ष रचना केल्या. याबाबतीत त्यांची व रमाबाईंची वाट वेगळी होती. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरात हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द कटाक्षाने टाळले, तर टिळकांनी संतांची भाषा उघडपणे आपली मानली. दोघांचे निदान मात्र जवळचे होते : नाव नोंदविलेला ख्रिस्ती आणि जिवंत ख्रिस्ती यांत अंतर पडले आहे.

१९१७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व ते साताऱ्यास राहावयास गेले. त्यांनी स्वतःस संन्यासी म्हणविले, पण संसार सोडला नाही. पत्नी त्यांच्यासोबतच होत्या. संन्यास होता तो मिळकतीच्या हमीचा. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुसमाज असावा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही असावेत, आणि तो मंडळीपासून फुटून निघालेला नवा पंथ नसावा, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी पगार सोडला, मंडळी सोडली नाही. हा भेद त्या काळी पुष्कळांच्या ध्यानात आला नसावा.

दरबाराची कल्पना दोन्ही बाजूंना अडचणीची होती. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व म्हणजे मंडळीच्या कुंपणालाच खिंडार, अशी शंका ख्रिस्ती वर्तुळात येणे क्रमप्राप्त होते. आणि ज्यांनी बाप्तिस्म्यापायी गावचा आसरा गमावला होता त्यांना ही मोकळीक जाचक वाटली असेल, तर तेही समजण्यासारखे आहे. टिळकांच्या विचारातील ही खरी दुर्बल जागा होय. ज्याच्यापाशी नाव, प्रतिभा आणि स्नेही आहेत अशा कवीला पगार सोडता येतो. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातील मास्तर-उपदेशकाने तो सोडला असता तर त्याची चूल कशी पेटली असती, याचे उत्तर दरबाराजवळ नव्हते. उत्तर शोधण्यास वेळही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून उभा राहिला नाही.

टिळकांनंतर

टिळकांचे चरित्र १९२३ मध्ये इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी त्याआधी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला होता. पुढे संघाचा आश्रम पुण्यात आला. साधी राहणी व भारतीय पद्धतीची उपासना या गोष्टींवर टिळकांच्या विचाराची छाया स्पष्ट आहे. याच संघात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन आले. मराठी ख्रिस्ती असलेले शामराव हिवाळे त्यांचे सहकारी झाले आणि १९३२ मध्ये दोघेही मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहावयास गेले. काही वर्षांतच एल्विन यांनी चर्चशी असलेला संबंधही तोडला. टिळकांनी सोडलेला धागा अशा रीतीने आदिवासी प्रदेशापर्यंत गेला खरा, पण तेथे तो मंडळीच्या हातात उरला नाही. ‘ख्रिस्तायन’ या टिळकांच्या अपुऱ्या महाकाव्याचे पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले व तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

नंदुरबारचा संदर्भ

पश्चिम खानदेशातील आदिवासींनी आत्मिक जागृतीचा अनुभव याच काळात चर्चच्या बाहेर घेतला, ही बाब उपरोक्त चर्चेच्या प्रकाशात पाहण्याजोगी आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट नाशिक व खानदेशमार्गे दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. देवी कोणाही सामान्य स्त्री-पुरुषाच्या मुखातून बोले. दारू सोडा, स्वच्छ राहा, असे सांगे. दारूच्या गुत्तेदारांना आणि सावकारांना त्याची झळ लागली. त्यानंतर १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांच्या आरतीस हजारो भिल्ल जमू लागले. व्यसनमुक्ती व परस्परांविषयी आदर हाच तेथील उपदेशाचा गाभा होता. पुढे ही चळवळ त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चालविली.

या चळवळींचा धर्म वेगळा, दैवत वेगळे. केडगावच्या मुलींशी त्यांची तुलना करताना सावधगिरी बाळगलीच पाहिजे. तरीही एक साम्य डोळ्याआड करता येत नाही. केडगावात, देवीच्या मेळ्यात आणि गुलाम महाराजांच्या आरतीत बोलणारा माणूस नेमलेला नव्हता. त्याच दशकांत याच तालुक्यांत मिशनचे उपदेशक दारूबंदी, स्वच्छता व प्रार्थना यांचीच शिकवण देत होते. त्यांची शिकवण मंडळीच्या कुंपणाच्या आत राहिली, तर देवीची शिकवण डोंगर ओलांडून गेली. फरक उपदेशाच्या आशयात शोधण्यापेक्षा उपदेशकाच्या स्थानात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरींची संख्या घटत गेली. १९७६ च्या परकीय देणगी नियमन कायद्याने बाहेरील पैशावर बंधने आली व आपला पाळक आपणच पोसण्याची जबाबदारी मंडळ्यांवर येऊन पडली. टिळकांनी जे स्वेच्छेने पत्करले ते येथे परिस्थितीने घडविले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या आदिवासी पट्ट्यात स्वतंत्र प्रार्थना-मंडळ्या वाढल्या. घराच्या ओट्यावर भरणाऱ्या, मोठ्या आवाजात प्रार्थना करणाऱ्या आणि पुष्कळदा शेती वा मजुरी करून उपदेश करणाऱ्या माणसांनी चालविलेल्या या मंडळ्यांविषयी जुन्या मंडळ्यांतून जो नाराजीचा सूर निघतो, तो १९०५ मध्ये केडगावच्या गोंगाटाविषयी निघालेल्या सुराहून फारसा निराळा नाही. दोन्हीकडे गाणी मात्र पुष्कळदा तीच असतात, आणि त्यांतील काही पदे मिशनचा पगार सोडून साताऱ्यास गेलेल्या कवीची आहेत.