मुंजा : पिंपळावर राहायला गेलेलं पोर

परभणी-हिंगोलीकडच्या गावांत मुंजाजी, मुंजाभाऊ ही नावं सर्रास ऐकू येतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला मात्र मुंजा म्हटलं की पिंपळावरचं भूत आठवतं, आणि 2024 मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ चित्रपट चालल्यापासून तर जास्तच. भुताचं नाव पोटच्या पोराला कोण ठेवतं? मुंजा आधी पोर होता आणि भूत नंतर झाला, हे ज्यांना ठाऊक आहे तेच.

ब्राह्मणाघरी मुंज साधारण आठव्या वर्षी लागते. त्या सकाळी मातृभोजन असतं : आई आणि मुलगा एका ताटात जेवतात. मग मुलाच्या कमरेला मुंज गवताची मेखला, हातात पळसाचा दंड, आणि पहिली भिक्षा आईकडूनच. पुढे सोडमुंज होऊन ते व्रत सुटेपर्यंत तो ब्रह्मचारी. देवी, पटकी, साप यांच्या जुन्या काळात कित्येक मुलं या मधल्या दिवसांतच जायची. अशा मुलाची फार अडचण व्हायची. तान्ह्या लेकरासारखं त्याला विधीवाचून पुरता येत नाही, आणि मागे पिंड द्यायला मूल नाही, म्हणून पितरांच्या पंगतीत त्याचं पान नाही. घराने त्याला ठेवायचं कुठे? पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला एक दगड, त्यापुढे नारळ, सणावाराला नैवेद्य. आईच्या हातचा घास पोचवायला निदान एक जागा झाली. माझ्या मते मुंजा जन्माला आला तो इथे, या घासापाशी.

मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे : मुंज आणि सोडमुंज यांच्या मधला मुलगा, आणि तशा मेलेल्या मुलाचं भूत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी जमवलेली टिपणं त्यांच्या खुनानंतर ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांनी 1915 मध्ये कोकणच्या लोकसमजुतींच्या पुस्तकात छापली. त्यातला मुंजाही पिंपळावर नाहीतर विहिरीत राहतो, आणि इजा करण्यापेक्षा भेडसावतोच जास्त. गोष्टींमधला मुंजा खडे मारतो, वाट अडवतो, खाऊ मागतो. आठ वर्षांचं पोर आणखी काय करणार! चित्रपटातला मुंज्या लग्नासाठी हटून बसतो, त्यालाही आधार आहे, कारण सोडमुंज झाल्याशिवाय लग्न नाही.

ब्राह्मणाच्या वाड्यातला हा मुलगा पुढे कुणब्याच्या बांधावर आला. तिथे तो मुंजाबा झाला, शेताची राखण करू लागला, नवसाला पावू लागला. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे. परभणीकडे मात्र तो थेट पाळण्यात उतरला. खंडोबावरून खंडेराव, तसा मुंजावरून मुंजाजी.

याच जिल्ह्यातल्या मानवतने त्याचं दुसरं रूपही पाहिलं. ओसाड वाडा, पुरलेलं धन आणि त्यावर बसलेला राखणदार मुंजा हे त्रिकूट जुनंच. 1972 च्या दुष्काळात मानवतमध्ये मुली आणि बायकांचे खून सुरू झाले, ते 1974 च्या सुरुवातीपर्यंत चालले. पिंपळाखालचं गुप्तधन मिळावं आणि मूल व्हावं म्हणून मुंजाला रक्त दिलं गेलं, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं. तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केला, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, 1977 मध्ये निकाल लागला. मारलेल्यांत मुंजाच्याच वयाच्या मुली होत्या. ज्या दगडापुढे कुणा आईने घास ठेवला असेल, तसल्याच दगडाच्या नावाने दुसऱ्या आयांच्या लेकी मारल्या, याइतकं क्रूर मला भयकथांत कुठेही सापडलेलं नाही.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठीचं अघोरी कृत्य हा गुन्हा ठरवला आहे. नवस आणि नैवेद्य त्या कायद्यात येत नाहीत, आणि मुंजाजी हे नावही परभणीने टाकलेलं नाही.