शॉक आणि कातडीखालचे किडे

मंडळी, आमच्या वैरागकडे 'शॉक दिला' म्हटलं की माणसं हबकतात. दोष सिनेमांचा, अन् थोडा इतिहासाचाही. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेच्या झटक्याने फिट आणायचा उपचार माणसावर पहिल्यांदा केला, तोही भूल न देता. गंमत बघा, त्याच वर्षी स्वीडनच्या एकबोमने कातडीखाली किडे वळवळतात असा पक्का भ्रम असलेल्या रुग्णांवर निबंध लिहिला. असे रुग्ण काडेपेटीत 'किडे' घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जातात. मनाचा डॉक्टर सुचवला की चिडतात. पहिला उपाय गोळ्यांचाच. त्या लागू न पडलेल्या काहींना शॉकने आराम पडल्याच्या नोंदी आहेत, पण मोजक्याच. बिनभुलीचा शॉक मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलाय. सिनेमावाल्यांना कळवा राव कुणीतरी!